अलीकडचा काठ

(आइसलँड, नोव्हेंबर १९१८)

मला काम दिलं होतं नाही म्हणण्याचं.
सोबत तंबू, कंदील, वाळवलेले मासे, एक जुनी बंदूक.
तिच्यात काडतूस नव्हतं, हे मी आणि हाल्ग्रीमुर सोडून
कुणाला ठाऊक नव्हतं.
समोर ती नदी, दुधात राख कालवल्यासारखी.

दक्षिणेत घरंच्या घरं तापानं आडवी झालेली.
गाई हंबरतात म्हणे, आणि धार काढायला कुणी उठत नाही.
आमच्या खोऱ्यात एकशे बारा माणसं.
कुणी नुसतं शिंकलं
तरी सगळं घर विणकाम थांबवून बघायचं.

पहिला आला टपालवाला, शिव्या देत.
थैली खडकावर ठेव म्हणालो, वीस पावलं मागे हो.
पत्रं गंधकाच्या धुरावर धरायचो, एकेक.
वाचायचो नाही.
पण कागद शेकताना अक्षरं आपसूक डोळ्यांत शिरतात,
काय करणार?

सोळाव्या दिवशी रान्वेग आली. माझी थोरली बहीण.
घोड्यावर, एकटी. पाठीला गाठोडं,
गाठोड्यात हालचाल.
'केटिल, मी बरी आहे. बाळही बरं आहे.
याचा बाप शुक्रवारी गेला.'

पाणी मोठ्यानं बोलत होतं.
ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

नाही, म्हणालो.
'गोवरात तुझ्या उशाशी कोण बसलं होतं?'
तू, म्हणालो.
आणि तरी नाही.

पलीकडे मेंढपाळांची एक दगडी खोपी होती.
मी पात्रातल्या सपाट खडकावर
राईची भाकरी, दुधाची किटली ठेवून परतायचो;
मी काठावर पोचलो की मग ती यायची.
दारावर घोंगड्या वाळत घालायची.
दोन म्हणजे दोघं.

एका सकाळी एकच घोंगडी.

मी नदीत उतरलो. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.
पाठीमागे एकशे बारा माणसं झोपेत.
तेवढ्यात ती दारात आली, बाळ कडेवर,
बोलायला तोंड उघडलं आणि खोकली.
खूप वेळ खोकली.
मग हात वर केला, उघडा पंजा,
माझाच शब्द माझ्यावर फेकून मारला:
'नाही! माघारी जा, गाढवा!'

गेलो.
अकरा दिवस एकच घोंगडी.
बाराव्या दिवशी दोन.

त्या वर्षी आमच्या दफनभूमीत एकच नवा क्रूस,
गुद्नी म्हातारीचा, तोही वयानं.
जे घडलंच नाही
त्याची नोंद पाद्रीबुवांच्या वहीत कुठल्या रकान्यात करायची?
उलट दोघाचौघांनी ऐकवलं मला,
एवढा बाऊ केलास, आलं काय शेवटी?
काहीच नाही आलं, म्हणालो.

रान्वेगनं त्यावर कधी शब्द काढला नाही.
पण अजून भाकरी माझ्या हातात देत नाही.
टेबलाच्या मधोमध ठेवते,
दोन पावलं मागे होते,
मी उचलेपर्यंत थांबते.
कधी हसते. कधी नाही हसत.