प्रकृती कशी आहे

ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, चर्चमागच्या खोलीत
पाच दिवस एकाच शब्दापाशी बसलो आहे.
ग्रीक शब्द: फ्यूसिस.
सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपांची प्रवचनं
मंडळीतल्या बारा वाचकांसाठी मराठीत आणायची.
बारातल्या चौघांना दिसत नाही, ते ऐकतात,
आणि शब्द चुकला तर पहिल्यांदा त्यांनाच कळतं.

कोश म्हणतो, मूळ धातू: उगवणे.
म्हणजे आधी कोंब, मग तत्त्वज्ञान.
पेन्सिलीनं लिहिलं 'निसर्ग'. खोडलं.
निसर्ग म्हटलं की शाळेची सहल पन्हाळ्याला जाते,
धुकं, मक्याची कणसं, आणि पोरं मोजून परत आणायची.
'स्वभाव' लिहिलं.
पण शुक्रवार पेठेतल्या माझ्या भिंतीवर
पंचगंगेच्या दोन रेघा आहेत,
एक खिडकीखाली, एक कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर.
स्वभाव म्हणून तेवढ्यावर भागेना.

'प्रकृती' लिहिलं.
दुसऱ्या दिवशी गंगावेशीत
सर्जेरावानं धार काढता काढताच विचारलं,
"काय म्हणतीया प्रकृती, समुद्रे मास्तर?"
म्हटलं, अडलीय.
"डाक्टरला दावा की."
ख्रिस्तात दोन प्रकृती, देवाची नि माणसाची:
त्यावर परिषदा भरल्या, माणसं हद्दपार झाली.
माझ्यात एकच आहे,
आणि तिला रोज सकाळी दोन गोळ्या लागतात.

बिशपांची घाई मला कळते.
शेजारीपाजारी सूर्याला हात जोडत होते,
म्हणून ते बजावतात: बघा,
गवत तिसऱ्या दिवशी, सूर्य चौथ्या.
गवताचा तो बाप नव्हे,
उशिरा कामावर आलेला चाकर.
हे उतरवलं त्या संध्याकाळी
शेजारच्या इंदुताई कारेकर किरणोत्सवाहून आल्या,
चपला काढताना म्हणाल्या,
"आज किरणं गुडघ्यापर्यंतच आली हो. धुरळा फार."
मी गप्प.
अंबाबाईच्या गाभाऱ्यात सूर्य पायांपासून सुरुवात करतो
आणि कधी कधी पोचतही नाही.
त्याला चाकर म्हणायला इंदुताईंची हरकत नसावी.
मग वाद कुठे आहे, सापडेना.
सापडेना म्हणून मिटला, असंही नाही.

पुढे वाईटाचं प्रकरण.
वाईटाला स्वतःची फ्यूसिस नाही, म्हणतात ते.
घडवलं तेवढं चांगलं; वाईट म्हणजे उणेपणा,
उजेड नसतो तसा.
हे एलियाला वाचून दाखवलं,
माझा चुलतभाऊ, वडणग्याच्या गुऱ्हाळात गुळव्या.
काहिलीवरची मळी ओढत तो म्हणाला,
"उणेपणा? मग ह्ये बादलीभर काय उचलालोय मी?"
काळसर फेस, भेंडीच्या चिकाला धरून वर आलेला.
"आनि ह्येच फुडल्या उसाला घालतोय."
समासात लिहून ठेवलं: मळी. उत्तर शोधणे.
अजून शोधलेलं नाही.

रात्री संस्कृत कोश काढला.
सर्ग, निसर्ग, सृष्टी: एकाच धातूची लेकरं.
सृज्. सोडणे. हातातून जाऊ देणे.
विसर्जनसुद्धा त्याच घरातलं.
इकडे कोंब, इकडे उघडी मूठ;
मी मधे, चष्मा पुसत.
बिशपांना कुणी हे सांगितलं असतं तर
ज्या शून्यातून ते सगळं काढत होते
तिथं त्यांनी आधी बोटं मोजली असती.

काल लक्ष्मीपुरीच्या छापखान्यातून शेडबाळेंचा फोन.
"मास्तर, सत्तेचाळीस पानावर जागा सुटलीय.
शब्द सांगा, बसवून टाकतो."
विचारलं, केवढी आहे?
"चार अक्षरं मावतील."
"सुटू दे," म्हटलं.
पलीकडे मशीन चालू होतं, थोडा वेळ तेच ऐकू आलं.
मग त्यांनी हळूच विचारलं,
"प्रकृती बरी आहे ना?"