हातचा एक

शनिवारी वखार सुटली की मी आधी हातांना लिंबू चोळायचे,
मग पेले धुवायचे.
चाळीस वर्षं. तरी थिओफिलकाका म्हणायचेच,
"सुगंधा, आज द्राक्षरसाला जर्दा लागलाय."
मंडळी हसायची. तेव्हा हसायला मंडळी होती.

निपाणीत ओढ्याच्या अलीकडं आमचं देऊळ, मराठी,
पलीकडं त्यांचं, कानडी.
मधे पूल, पुलावर भज्यांचा गाडा.
दोन देशांतून आलेल्या दोन गोऱ्यांनी बांधलेली,
आणि ते एकमेकांशी बोलत नसत म्हणे.
आम्हीही तेच चालवलं.

मग आमची पोरं पुण्याला गेली, त्यांची हुबळीला.
पाळक महिन्यातून एकदा, मग सणाला, मग फोनवर.
आमचं छप्पर बरोबर वेदीवर गळायला लागलं,
त्यांच्या पेटीचे तीन सूर गेले.

सहा बैठका झाल्या. त्यातल्या पाच पाटीवरच.
वर कुठली अक्षरं, खाली कुठली, केवढी मोठी.
ज्या मुलखात अक्षरांपायी एसटीला काळं फासतात
तिथं हे व्हायचंच.
मकबूल रंगाऱ्यानं अक्षराला साठ रुपये सांगितले.
दोन्हीकडचे पंच एका आवाजात म्हणाले, "जास्त होतात."
तेवढा एकच ठराव बिनविरोध.
पाटी अजून कोरी पिवळी आहे.

आमचे बाक तंबाखूच्या ट्रॉलीतून गेले.
तीन बाक, एक घंटा,
आणि खोक्यात, पेपरात गुंडाळलेले माझे पेले.
आमच्यात बायका डावीकडं बसतात, त्यांच्यात उजवीकडं.
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
एस्तेरमावशी सवयीनं गेली ती थेट
त्यांच्या म्हाताऱ्यांत जाऊन बसली,
आणि उठेचना. "गुडघे," म्हणाली.

मागच्या खोलीत शांतव्वा बादली घेऊन बसलेली.
तिचे पेले स्टीलचे, राखेनं घासलेले. माझे काचेचे.
"बा अक्का, कुंद्र."

वखारीत मी कानडीत भांडलेय, भाव केलाय,
मुकादमाच्या सात पिढ्या काढल्यात,
चक्कर आलेल्या बाईला पाणी पाजलंय.
पण देवाच्या दारात त्या भाषेतला शब्द
कधी तोंडातून काढला नव्हता.
"नीरु साकु?"
"इन्नोंद चूर," मी म्हटलं,
आणि कुणी ऐकलं का, मागं वळून बघितलं.
तिनं माझा हात नाकाशी नेला, हुंगला, हसली.
तीही वखारीतलीच. पलीकडच्या मालकाची.

नऊ आमचे, सोळा त्यांचे.
सहा नि नऊ पंधरा, पाच मांडले, हातचा एक.
पंचवीस पेले भरले, बारा काचेचे, तेरा स्टीलचे.
प्रार्थनेत आम्ही भाकर मागितली, त्यांनी आहार.
आमचं आधी संपलं. आम्ही डोळे मिटूनच
त्यांचं संपायची वाट बघत राहिलो.

दोन पेले उरले.
ते मोरीत ओतायचे नसतात.
एक तिनं प्यायला, एक मी.

परतताना आमच्या देवळाच्या पायरीवर
थिओफिलकाका बसलेले, कोट घालून,
कुलपाकडं पाठ करून.
"किती भरले?"
"तेवीस."
"दोन कमी," म्हणाले,
जणू त्यातला एकही ओळखीचा नाही.
"एक त्यांचा," मी म्हटलं. "समाधानप्पा.
आपली घंटा तिथं टांगली म्हणून रुसलाय."

बराच वेळ काका गप्प.
भज्यांच्या गाड्यावरचा धूर ओढ्यावरून इकडं आला,
मग तिकडं गेला.
कोटाची बाही झटकत विचारलं त्यांनी,
"राहतो कुठं हा माणूस?"