कडेचे केस

खाणी चालू होत्या तेव्हा उसगावच्या तिठ्यावर
माझ्या दुकानापुढे ट्रकांची रांग असायची
आणि मी टायर वाचायचो.
हा ओव्हरलोड. हा कमी हवेवर पळवलेला.
ह्याच्या ड्रायव्हरला पहाटे डुलकी लागते,
बघा, डावी बाजू गटाराच्या दगडांनी सोललीय.
आता दिवसाला चार स्कूटर, दोन पंक्चर,
आणि एकदा कुस्तोद.

सत्तरीचा. जन्म जहाजाच्या इंजिनखोलीत गेलेला.
चारशे किलोची टूरिंग मोटरसायकल
म्हशीसारखी सावलीत उभी करून म्हणाला,
"फाटल्यान कारचो टायर घाल."

मी हसलो. मग हसू थांबलं.
म्हटलं, बाब, मोटरसायकलचा टायर म्हणजे उंडो,
पाठ गोल, झोपेत कूस बदलावी तशी कलते गाडी.
कारचा टायर म्हणजे पाट.
वळण आलं की ती सरळच जाऊ म्हणेल,
हँडल ढकलून ढकलून समजूत काढावी लागेल तिची,
आणि अनमोडच्या घाटात किती वळणं आहेत?
शिवाय ही रिम त्याची नव्हे.
कड बसेल, न बसेल, आणि बसली तरी मला झोप लागणार नाही.

"मोटरसायकलचो बारा हजारांनी सोंपता," तो म्हणाला.
"हो चाळीस चलतलो."
"आणि तू?"
असं बोलायचं नसतं गिऱ्हाइकाशी. बोललो.
त्याने खिशातून पेन काढलं, बिलावर लिहिलं
'जबाबदारी म्हजी', खाली सही,
जहाजाच्या नोंदवहीत करतात तशी, तारीख-वेळेसकट.

साबणाचं पाणी, दोन लिव्हर, गुडघा.
चाळीस पाउंड हवा. काही नाही.
पन्नास. रबर कण्हलं.
मी भिंतीआड हात लांब करून नळी धरलेली.
साठाच्या जवळ असा बार झाला
की पोदेर सायकलवरून उतरला
आणि समोरच्या बारमधून कुणीतरी विचारलं, कोण मेलं?
कुणी नाही. कड बसली.

आठ महिन्यांनी आला. हवा बघ म्हणाला.
मी खाली वाकलो आणि सवयीने वाचू लागलो.

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात.
कलणाऱ्याचे कडेपर्यंत झडतात,
भित्र्याचे दोन्हीकडे राहतात.
ह्याच्या उजव्या कडेचे साफ झडलेले.
डाव्या कडेचे कारखान्यातून आले तसे.

असा घाट मी पाहिलेला नाही.
चढताना उजवीकडे वळलेला रस्ता
उतरताना डावीकडे वळतोच.

मग मी वर पाहिलं.
सगळे डावीकडून उतरतात, हा उजवीकडून उतरला होता,
टाकीला धरून, डावा पाय मागाहून, सामानासारखा.
गिअरला हाताने ओढायची सळी जोडलेली,
वेल्डिंग इतकं सुबक
की पहिल्या वेळी मला ती परदेशी फॅशन वाटली होती.
डाव्या वळणावर हा माणूस
चालण्याच्या वेगाने जात असणार, सरळ पाठीने,
मागचे ट्रक हॉर्न वाजवत.
आणि पाट कशाला हवा होता,
सिग्नलला उभं राहताना पाट किंचित का होईना थांबतो,
हे मला चाळीस हजारांच्या हिशेबात दिसलं नव्हतं.

"डावो पाय?" मी विचारलं.
"हवा पळय," तो म्हणाला.

हवा पाहिली. ठीक होती.
तरी चाक काढलं. टायर सोडवला,
उलटा फिरवून पुन्हा त्याच रिमवर चढवला,
झडलेली कड डावीकडे, केसाळ उजवीकडे.
ह्या टायरवर दिशेचा बाण नसतो, कसाही चालतो.
पुन्हा साबण, पुन्हा भिंत, पुन्हा बार.
ह्या वेळी बारमधून कुणी काही विचारलं नाही.

बिलावर फक्त रक्कम लिहिली.
त्याने पेन काढलं होतं, परत ठेवलं.

तो बसेपर्यंत मी डावीकडे उभा राहिलो,
एक हात सीटखाली.
लागला नाही तो. टायर सपाट आहे.
तरी.