उजवा कळा

ओल्या बोटाने लावतो मी कळे
पावणाईच्या पाषाणावर,
पिटकुळीचे, पहाटे तोडलेले, न उमललेले.
उजवा पडला तर होय.
डावा पडला तर नको.
दोन्ही चिकटून राहिले तर आई विचार करतेय,
मग बसायचं. कुणीतरी मोबाईल बंद करतं.

पूर्वी विचारायचे, होडी कधी लोटू, पोरगी कुठे देऊ.
आता कागद घेऊन येतात
ओरसच्या इस्पितळाचे, कुडाळच्या सोनोग्राफीचे,
प्लास्टिकच्या पिशवीत, नारळाशेजारी.
मला ते कागद वाचता येत नाहीत.
पायरी चढणारे पाय वाचता येतात:
बोट दाबलं की खळगा तसाच राहणारे.
तिसऱ्या पायरीवर
देवळाकडे बघायच्या निमित्ताने
चोरून घेतलेला श्वासही वाचता येतो.

बाबल जुवाटकराला आणला तेव्हा
लावणीचा चिखल अजून नखांत होता.
चार दिवसांचा ताप, डोळ्यांत हळद.
भाऊ म्हणाला, देवचाराची वाट अडवली असात.
मी गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा,
ह्यो तुझो झील तुझ्या पायाशी इलो हा,
काय चुकला असात तर पदरात घे,
इस्पितळात न्यायचो तर उजवो दी.
व्हय म्हाराजा, म्हणाले सगळे,
आणि म्हाराजा संपायच्या आत
उजवा कळा खाली.

पाणी जास्त झालं की कळा लवकर घसरतो.
देठाकडून दाबला तर सांजेपर्यंत धरतो.
हे बापाने मला सांगितलं नाही,
मी त्याचं बोट बघितलं होतं.

बाबल महिन्याने आला, पाच नारळ घेऊन.
आयेन वाचवल्यान, म्हणाला.
मी नारळ फोडले.
उपकेंद्राची सिस्टर इनासिना तरीवर भेटली,
गुरवांनू, तुमची पावणाई हल्ली बेगीन बोलता.
हसली नाही.
मीही नाही.

शेवंतीच्या वेळी मात्र
मी दोन्ही कळे सारखे लावले होते.
सातवा महिना, सुजलेलं तोंड, डोकं दुखतं म्हणत होती.
त्या दिवशी मला वाटलं,
आपण कोण मध्ये बोट घालणारे?
आईला बोलू दे.
डावा पडला.
नवव्या दिवशी पडवीत तिची सासू
ओरडली नाही, नुसती बसली.
तेव्हापासून विचारतोय:
बाबलच्या वेळी मी खोटा होतो
की शेवंतीच्या वेळी?
हा प्रश्न लावायला
माझ्याकडे कळे नाहीत.

आणि आता माझीच पिशवी.
सकाळच्या थुंकीत लाल धागा,
दोन महिने झाले, बायकोला पान म्हणून सांगतो.
काल रात्री दार लावून घेतलं,
समई सारली,
माझ्यासाठी कळे लावायला बसलो
आणि बोट बुडवलंच जाईना.
किती पाणी घ्यायचं?
जितकं घेईन तितकं मला माहीत असणार.
शेवटी डोळे मिटून लावले,
कुठे किती, कळलं नाही.

सकाळी सिस्टर आली. चपला खाली काढल्या.
तिच्या गळ्यात तिचा छोटा क्रूस,
माझ्या दंडाला तिचा काळा पट्टा.
सोप्याच्या खांबाला टेकून बसलो,
समुद्र ऐकू येत होता, आत समईचा वास.
पट्टा फुगला, बसला.
हय कमी भरता, म्हणाली,
केंद्रात वीस जास्त होता.
पुन्हा मोजलं. पुन्हा कमी.
ह्येचा काय ता माका ठावक नाय, पण कफ तपासूचो लागतलो.
ओरसची गाडी सव्वानवाक आसा.

मी आत बघितलं.
दोन्ही कळे तसेच.
शेवंतीच्या सासूने तेवढ्यात तेल आणून ठेवलं,
कुणासाठी विचारायचं ते नाही सांगितलं.
ती अजून येते, दर सोमवारी.

छत्री कुठे ठेवली ते आठवत नाहीये.
दार पुढे ओढून घेतलंय, कडी लावली नाही.
सिस्टर म्हणाली, मी हयच बसतंय,
पडलो तर सांगतंय.
तिला सांगायचं राहिलं,
कळा पडताना आवाज होत नाही.