नमुना सही

अप्पा बळवंत चौकातून आणलेली वही,
आडवी, तळहातात मावणारी,
पानं गुलाबी, पिस्ता, मग पिवळट, मग परत गुलाबी.
साडेतीन रुपये. वडील म्हणाले,
सह्यांनी पोट भरतं का?

पहिल्या पानावर एक फिरकी गोलंदाज आहे.
नेहरू स्टेडियमच्या फाटकाशी केळं खाता खाता
त्याने सही केली, आणि साल
माझ्याच हातात देऊन आत गेला.
ते मी दोन दिवस दप्तरात ठेवलं होतं.
आईला वासावरून कळलं.

नंतर एक पैलवान, कोल्हापूरकडचा.
पेन मुठीत धरून
एकेक अक्षर जमिनीला टेकवल्यासारखं लिहीत होता.
कपाळावरचा घाम नेमका 'म'वर पडला, शाई फुटली.
"चुकलं गं पोरी," म्हणाला,
सव्वाशे किलोचा माणूस.
पुढे इतक्या पुरुषांशी काम पडलं,
हे वाक्य काही पुन्हा ऐकलं नाही.

एका शास्त्रज्ञाने 'नीलिमा'तली माझी नी दीर्घ करून दिली.
एक गायक होता, जाऊ दे, तो प्यायलेला होता.
त्याने त्याच पानावर सही केली,
शास्त्रज्ञाच्या डोक्यावर.

आणि पान सतरा. पिस्ता. कोरं.
वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, माझंच तेव्हाचं अक्षर:
रत्नप्रभा. भरत नाट्य मंदिर. बाई घाईत होत्या.

मागच्या दाराशी मी दीड तास उभी.
त्या आल्या तेव्हा मेकअप अर्धाच पुसलेला,
एक गाल राणीचा, दुसरा कुणाचा कोण जाणे.
वहीकडे पाहिलं. "पुढच्या वेळी हं," म्हणाल्या,
रिक्षात बसल्या.
कोल्ड क्रीमचा वास तेवढा मागे राहिला.
सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत गेले,
पंक्चर नसताना.

मग बीकॉम, मग बँक, टिळक रोड शाखा.
वडिलांना सांगायचं राहूनच गेलं
की अडतीस वर्षं माझं पोट सह्यांनीच भरलं.
शेपटी जुळते का, रेघ कुठे तुटते,
हात थरथरला की माणूसच दुसरा आहे,
जुळली तर पैसे,
नाही तर स्लिप परत.

निवृत्तीला चार महिने होते.
खिडकीशी एक म्हातारी, दंडाला धरून आणणारी एक मुलगी.
रक्कम: तीन हजार फक्त.
खातं: शकुंतला भिकाजी गुरव.
सही पाहिली
आणि मी चष्मा पुसला.
'र'चा तो वळसा, 'प्र'खालून सुटलेली लांब रेघ,
पोस्टरवर असायची तश्शी,
बसस्टॉपमागच्या भिंतीवर पावसाने ओघळायची, तश्शी.

"सही जुळत नाही, आजी."
आजी म्हणाले मी. बाई म्हणाले नाही.
मुलगी कानाशी कुजबुजली, "मावशी, खरी करा ना, खरी."
त्या म्हणाल्या, "खरीच आहे की ही."

रांगेत कुणीतरी खाकरलं.
मी दुसरी स्लिप सरकवली, बोट ठेवून जागा दाखवली.
त्यांनी वेळ घेतला. शाळकरी अक्षरात
शकुंतला, मग भि,
मग छताकडे पाहून थोडं थांबणं,
प्रॉम्प्टरने पुढचा शब्द द्यावा तसं,
मग गुरव.
ही जुळली.

शंभराच्या तीस नोटा मी दोनदा मोजल्या.
"गर्दी फार असते हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.
"पुढच्या वेळी सकाळी या," मी म्हणाले,
आणि जीभ चावली. का, ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

चुकलेली स्लिप फाडायची असते, नियम आहे.
मी फाडली. चार तुकडे.
तीन टोपलीत टाकले.