खोलीत दुसरं कोणी नको

मोहिनीनं वहीच्या पानावर उतरवून आणलंय सगळं.
भिंत कोरी हवी. टेबल मोकळं.
उजेड समोरून पडावा, पाठीमागून नको.
कान दिसले पाहिजेत.
आवाज नको.

आवाज नको म्हणजे कूलर नको.
मी वाचून तिच्याकडे पाहिलं, तिनं पानाकडे.
तेवीस वर्षं झाली मी गोळीबार चौकात कूलर दुरुस्त करतो,
अर्ध्या मोहल्ल्याचा मे महिना माझ्या पान्यावर चालतो,
आणि भाचीच्या खोलीतला कूलर
मीच बंद करायचा, सकाळी साडेनऊला,
बाहेर पंचेचाळीसची तयारी चालू असताना.
काहून पण?
"मामा, तिकडे बसलेल्या बाईला वाटेल
आत कोणी कुजबुजून राहिलं."

मग ताट्या रात्रभर भिजवल्या,
बंद केल्यावर जितका टिकेल तितका गारवा.
इन्व्हर्टर दुकानातून ओढत आणला.
लॅपटॉप निनावेंच्या जावयाचा, पडेल डोळ्यांचा,
कॅमेरा तिच्या हनुवटीकडेच पाहायचा.
खाली पुस्तकं चालत नाहीत,
म्हणून पंपाचे दोन खोके लावले, रिकामे, उघडून दाखवता येतील असे.
पाण्याच्या बाटलीचं लेबल तिनं नखानं खरवडलं.
गोंद राहिला, तो रॉकेलनं काढला.
आता पाण्याला वास येतो, म्हणते.

भिंतीचं काम अवघड होतं.
ही खोली आधी माझं गोदाम.
दाराजवळ पेन्सिलीनं गिऱ्हाइकांचे नंबर, बाकी किती, कोणाची मोटर जळाली.
परीक्षेत असे आकडे दिसले तर काय समजायचं कोणी?
रविवारी चुना मारला.
पाच जणांची उधारी त्यात गेली,
दोन मला पाठ आहेत.

काल रात्री रंगीत तालीम.
तिनं लॅपटॉप दोन्ही हातांत धरला
आणि खोली फिरवून दाखवली, सावकाश,
छत, खिडकी, टेबलाखाली, पलंगाखाली,
जसं नव्या भाडेकरूला दाखवतात.
"मामा, पाय."
माझा अंगठा दारातून आत आला होता.
मी मागे सरलो. आणखी मागे.
असा पायरीपर्यंत पोचलो.

आता दहा वाजून वीस.
खोली माझ्याजवळ आहे.
कॅलेंडर, आरसा, शिलाई मशीन, गाद्या,
तिच्या नोट्सचं पोतं, घड्याळ, दोन मोबाईल,
सगळं जिन्यात, आणि मध्ये मी, डोक्यावर ओला दुपट्टा.
आत एक मुलगी, एक टेबल, एक बाटली.
कुकर लावू नका सांगून आलोय तीन घरी.
पिठाच्या गिरणीवाल्यानं एक तास दिला,
त्याच्या बदल्यात त्याचा कूलर फुकट.

दूरून भंगारवाल्याची आरोळी.
मी धावत गल्लीच्या तोंडाशी, बोट ओठांवर.
तो थांबला. गाडा हळू ढकलत माझ्यामागे आला,
चाकाची कुरकुर हातानं दाबत,
आणि जिन्यातला पसारा पाहून
भुवया उचलून विचारलं: द्यायचं?

मी मान हलवली.
बारा वाजता हे सगळं परत आत जाणार,
आणि ताट्यांत तोवर ओल राहिलीच तर बरं,
हे खुणेनं कसं सांगायचं?
मी त्याला पाण्याचा गडवा दिला.
तो माझ्या बाजूला बसला, गाद्यांना टेकून,
आणि आम्ही दोघं बंद दाराकडे पाहत राहिलो,
खोकलासुद्धा गिळून.