वापरकर्त्याची चूक

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीचा सौदा उरकल्यावर
मी माझं ॲप बाबालाल नदाफांच्या हातात दिलं.
वजन टाकायला त्यांनी बोट टेकवलं.
पडदा ढिम्म.
बोटावर पिवळी भुकटी, तीस हंगामांची.
"पोरी, ह्येला माझा हात वळखंना."
मी म्हटलं, हात धुऊन या.
आणि वहीत लिहिलं: वापरकर्त्याची चूक.

दुसऱ्या आवृत्तीत बटणं केली बशीएवढी.
तरी तेच.

तिसरीत बटणंच काढली.
काट्यापाशी ते आकडा ओरडतात, पूर्वीपासून ओरडत आलेत;
आता मोबाइल ऐकतो, पट्टी लिहितो.
फक्त शेजारच्या अडत्यानं "दोन चहा" म्हटलं
की दोन पोती जादा लागतात.
नदाफ हसतात. "ऱ्हाऊ दे, सुदारंल."

कुंभोजकर मॅडम विचारतात,
वस्तू झाली, ज्ञान काय झालं?
प्रकरण पाच कोरं आहे.

रात्री वही उघडते.
त्या पहिल्या नोंदीवर पिवळा अंगठा उमटलाय,
त्यांचा की माझा, आता सांगता येत नाही.
नोंद खोडत नाही.
पुढं एवढंच लिहिते:
कुणाची?